तशखीस

स्टेअरिंग थरथरते म्हणजे दोष स्टेअरिंगमध्येच असतो, असे नाही. पुढच्या चाकापासून पाट्यांच्या बुशपर्यंत कुठेही काही ढिले झाले, की त्याची तक्रार शेवटी चालवणाऱ्याच्या हातापर्यंत येते. आणि लोकांचा पहिला संशय जातो तो त्या हातावरच.

आम्ही पेशाने मास्तर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या थोरल्या भाईंची २००५ सालची जुनी पिकअप आहे. पुढेही सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. हंगामात आंब्याच्या पेट्या वाशीला न्यायच्या, एरवी चिरा, सिमेंट, लग्नाची भांडी. घरची रोजी तिच्यावरच. गेल्या मोसमात चाक खड्ड्यातून गेले, की पुढची दोन्ही चाके फडफडू लागत आणि स्टेअरिंग हातातून निसटू पाही. वेग अगदी कमी केला, तरच शांत होई.

भाईंचा निकाल तयार होता. "पोरगा गाडी हाणतो. खड्डा बघत नाही. महिना भरला की त्याला नको म्हणून सांगतो."

हा पोरगा आमचाच विद्यार्थी. आठवीनंतर शाळा सुटली. वडील नाहीत, आई आणि दोन बहिणी त्याच्या पगारावर. 'गाडी हाणतो' म्हणून एका मालकाने काढले, की पंचक्रोशीत दुसरा कोणी किल्ली हातात देत नाही. तो मात्र भाईंसमोर मान खाली घालून उभा राही. वर्गातही असाच उभा राहायचा.

गॅरेजवाल्यांचीही मते होती. एकाने अख्खा स्टेअरिंग बॉक्स बदलायला सांगितला. दुसरा म्हणाला, नवा डॅम्पर टाका, थरथर थांबेल. डॅम्परने धक्का दबतो हे खरे; पण ढिला सांधा ढिलाच राहतो आणि एखाद्या दिवशी घाटात, भरल्या गाडीत, आपले खरे रूप दाखवतो.

बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी शिकवली होती. मुलाचे गणित चुकले, म्हणजे त्याला गणित येत नाही, असे म्हणून थांबायचे नाही. हातचा चुकतो, शून्य चुकते, की उदाहरणाची भाषाच कळत नाही, हे एकेक करून पाहायचे. उर्दूत याला तशखीस म्हणतात. हकीम नाडी धरून करतात, तीही तशखीसच.

आम्ही पोराला जवळ बसवून विचारले, थरथर कधी होते? ठरावीक वेगालाच होत असेल, साधारण साठ-सत्तरला सुरू होऊन पुढे कमी होत असेल, तर आधी चाकाचे बॅलन्सिंग, वाकडी रिम किंवा फुगलेला टायर बघायचा. ब्रेक दाबल्यावरच होत असेल, तर ड्रम किंवा डिस्क. खड्ड्याच्या धक्क्याने सुरू होऊन थांबतच नसेल, तर सांध्यांत खेळ आहे. त्याने जराही न अडखळता सांगितले, "सर, फक्त खड्ड्यानंतर. ब्रेकचा संबंध नाही. रिकाम्या गाडीलाही होते." इतके नेमके उत्तर त्याने वर्गात कधी दिले नव्हते. पण वर्गात त्याला असा प्रश्न कोणी विचारला होता?

मग एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी गाडी जमिनीवरच ठेवली, पोराला स्टेअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायला लावले आणि स्वतः खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर बोट ठेवले. एका टाय रॉड एंडमध्ये खेळ लागला. नंतर जॅक लावून चाक उचलले, वरून आणि खालून धरून हलवले. चाक डुलले. "आता ब्रेक दाब," ते म्हणाले. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर तो बेअरिंगचा. राहिला, तर किंग पिनचा. खेळ राहिला. दुसऱ्या चाकाचीही तीच गत.

किंग पिनच्या खालच्या ग्रीस निपलवर चिखल वाळून दगड झाला होता. कित्येक महिने, कदाचित वर्षे, तिथे ग्रीस पोहोचलेच नव्हते. बुश कोरडे झिजले होते. पोरगा गाडीवर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. मिस्त्री हात पुसत भाईंना म्हणाले, "हे चार महिन्यांचं काम नाही, शेठ."

भाई काही बोलले नाहीत. दोन्ही बाजूंचे किंग पिन आणि बुश बदलले, बुशना रीमर मारला, टाय रॉड एंड नवा टाकला, अलाइनमेंट केले. स्टेअरिंग बॉक्सला हातही लावावा लागला नाही. परतीच्या वाटेवर भाई गाडीत पोराच्या शेजारी बसले. एका मोठ्या खड्ड्यात चाक आदळले. गाडी एकदा हलली आणि सरळ पुढे गेली. "पगार पाच तारखेला घेऊन जा," भाई म्हणाले. नोकरीचा विषय तिथेच संपला.

आता पिकअपच्या खणात एक वही असते. त्यात पोरगा उर्दूत नोंदी करतो: ग्रीस कधी मारले, आवाज कुठून आला, वेग किती होता, गाडी भरलेली होती की रिकामी. अक्षर वाकडेतिकडे आहे. नोंदी मात्र चोख असतात.