दांडी गुल

गाडीच्या शौकिनांशी गप्पा मारताना एक गंमत लक्षात येते. इंजिनावर, मायलेजवर, सीटच्या चामड्यावर मतभेद झाले तर ते सभ्यपणे होतात. पण भारी ऑटोमॅटिक गाडीत गिअर कसा टाकायचा, हा विषय निघाला की आवाज चढतात. एकाला सीटशेजारचा जाडजूड दांडा हवा असतो. दुसऱ्याला स्टिअरिंगमागची पेन्सिलएवढी दांडी पुरते. तिसऱ्याला गोल फिरवायचं बटण आवडतं. आणि चौथा म्हणतो, "दाबायची बटणं द्या की, मिक्सरला नसतात का?"

कोटभर रुपयांच्या गाडीत बसून हे भांडण म्हणजे निव्वळ चोचले, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. म्हणजे बघा, ऑटोमॅटिक गाडीत क्लच नाही, पहिला-दुसरा-तिसरा करायचं नाही. त्या दांड्याला तुमचा हात लागतो तो फक्त निघताना, मागे घेताना आणि उभी करताना. आणि नेमक्या याच वेळी गाडीच्या आजूबाजूला माणसं असतात. मागे हात हलवणारा वॉचमन असतो, गेट उघडायला उतरलेली बायको असते, चेंडूमागे धावणारं पोर असतं. हायवेवर गाडी शंभरच्या वेगात असताना त्या दांड्याचं काहीच काम नसतं. काम असतं ते पार्किंगमध्ये. तिथे चूक झाली तर समोर भिंत तरी असते, नाहीतर माणूस.

पी-आर-एन-डी ही अक्षरं आज आपण देवाने दिल्यासारखी धरून चालतो. पण हा क्रम पहिल्यापासून असा नव्हता. जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक आणला. पुढच्या काळात त्या कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत क्रम असायचा पी-एन-डी-एल-आर. म्हणजे पुढे जायचा सगळ्यात ताकदवान गिअर आणि मागे जायचा गिअर अगदी शेजारी शेजारी! बर्फात रुतलेली गाडी पुढेमागे झुलवून काढायला हे सोयीचं होतं खरं, पण उतारावर 'लो' टाकायला गेलेला हात एक घर पुढे सरकला की गाडी रिव्हर्समध्ये. त्यात एका कंपनीचा क्रम एक, दुसरीचा वेगळा. राल्फ नेडरने १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात, 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड'मध्ये, यावर कंपन्यांना चांगलंच फटकारलं. शेवटी १९६८ पासून अमेरिकेत सरकारी नियमच झाला की पुढच्या आणि मागच्या गिअरच्या मध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे. दोन भांडकुदळ भावांच्या मध्ये आईने झोपावं, तसा.

त्याच काळात क्रायस्लरने १९५६ ते १९६४ गिअरसाठी बटणं देऊन पाहिली. फोर्डच्या एडसेलने तर १९५८ मध्ये ती स्टिअरिंगच्या मधोमध बसवली, जिथे आपला हात हॉर्न शोधतो. पुढच्याच वर्षी ती गायब झाली. मिक्सरवाल्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.

तर क्रम ठरला, आणि पुढची तीसेक वर्षं बरी गेली. त्या काळच्या दांड्याचा एक मोठा गुण होता, तो म्हणजे तो खोटं बोलत नसे. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत केबल किंवा सळई गेलेली असे. तुम्ही दांडा पुढे पीमध्ये ढकलला की तिकडे खरोखर एक खिट्टी दातेरी चाकात अडकायची. दांडा जिथे, गाडी तिथे. अंधारात, न बघता, नुसता तळहात ठेवला तरी कळायचं. मर्सिडीजने त्यात नागमोडी खाच केली, म्हणजे चुकून एकदम सरळ ओढला जाऊ नये. जॅग्वारने १९८६ च्या एक्सजेमध्ये इंग्रजी जे अक्षरासारखी खाच केली. आधी पीपासून डीपर्यंत खाली यायचं, मग आडवं सरकून पलीकडच्या बाजूने हाताने गिअर निवडत वर जायचं. त्यांचे मुख्य इंजिनिअर जिम रँडल, म्हणून लोक त्याला 'रँडल हँडल' म्हणू लागले. काहींनी नाकं मुरडली, पण ज्यांच्या हातात ते बसलं त्यांनी वीसेक वर्षं दुसरं काही मागितलं नाही.

मग इलेक्ट्रॉनिक्स आलं. केबल गेली, तार आली. आता दांडा गिअर टाकत नाही, तो फक्त अर्ज करतो. मंजुरी कॉम्प्युटर देतो. आणि अर्जच करायचा असेल तर तो दांड्याने करा, दांडीने करा, बटणाने करा, काय फरक पडतो? डिझायनरांना रान मोकळं मिळालं. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सेव्हन सिरीजमध्ये गिअर स्टिअरिंगमागे नेला आणि २००८ च्या नव्या मॉडेलमध्ये मुकाट्याने परत दोन सीटांच्या मध्ये आणला. मर्सिडीजने २००५ च्या एस क्लासमध्ये तो स्टिअरिंगमागे नेला आणि तिथेच ठेवला. ऑडीने २०१० च्या ए-एटमध्ये विमानातल्यासारखा आडवा दांडा दिला, त्यावर मनगट टेकवून बोटांनी रेडिओ आणि नकाशा हाताळायचा. आणि २००७ साली दाखवलेल्या जॅग्वार एक्सएफमध्ये तर नाटकच होतं. स्टार्टचं बटण दाबलं की आतून एक चकचकीत गोल चकती हळूच वर यायची, नागपंचमीच्या पुंगीवर नाग यावा तशी. शोरूममध्ये ते पाहून माणूस खलास! पुढच्याच वर्षी जॅग्वार-लँड रोव्हर टाटांकडे आली आणि चकती २०१२ च्या रेंज रोव्हरमध्येही गेली. आज मात्र रेंज रोव्हरमध्ये परत एक छोटासा दांडाच आहे. शोरूममधलं नाटक एकदा भारावून टाकतं. अरुंद गल्लीत गाडी वळवताना मात्र डी-आर-डी-आर करायला चकती दर वेळी बघून फिरवावी लागली की तेच नाटक नको होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती झाल्यावर हा विषय फक्त आवडीनिवडीचा उरला नाही. २०१२ ते २०१५ च्या काही क्रायस्लर, डॉज आणि जीप ग्रँड चेरोकी गाड्यांत असा दांडा होता, जो ढकलला की परत मधोमध येऊन उभा राहायचा. गाडी पीमध्ये असो, डीमध्ये असो की न्यूट्रलमध्ये, दांडा दिसायला अगदी तसाच. काय टाकलंय ते कळायचं फक्त एका उजळलेल्या अक्षरावरून. पी पडला असं समजून लोक इंजिन चालू ठेवून खाली उतरले आणि गाडी निघाली. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९ जून २०१६ ला, 'स्टार ट्रेक'मधला तरुण नट अँटन येल्चिन लॉस एंजेलिसला आपल्या घराच्या उतारावर आपल्याच ग्रँड चेरोकीमुळे चिरडला गेला. तो २७ वर्षांचा होता. तशाच दांड्यापायी मासेरातीच्या गाड्याही परत बोलवाव्या लागल्या.

अर्थात, परत मध्ये येणाऱ्या दांड्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्या दार उघडलं की आपण होऊन पी टाकतात. जागेवर राहणारा दांडा असेल तर तो मात्र डीवरच दिसत राहील, म्हणजे तोही खोटारडा. गाडीला स्वतःची अक्कल दिली की दांड्याला मधोमध उभं राहावंच लागतं. म्हणून त्या गाड्यांवर इलाज झाला तो सॉफ्टवेअरने. माणूस उतरतोय असं वाटलं की गाडीनेच पी टाकायचा. हे चांगलंच झालं. पण उरलेलं काम अक्कल करते म्हणून हाताला काही कळूच नये, हे मला पटत नाही.

आपल्याकडे यात एक खास भर आहे. मारुती, ह्युंदाई, टाटा, टोयोटा, सगळ्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे. मर्सिडीजमध्ये इंडिकेटर डावीकडे आणि उजवीकडे आहे ती गिअरची दांडी! गाड्या जोडल्या जातात आपल्या चाकणला, पण दांड्या जर्मन रीतीनेच राहिल्या. आयुष्यभर डाव्या वळणाला उजवी दांडी वर करणाऱ्याने सवयीने तसं केलं की गाडी न्यूट्रलमध्ये. वेगात असताना रिव्हर्स पडू देत नाहीत हे नशीब, पण भर चौकात इंजिन नुसतं गुरगुरतं आणि मागचा हॉर्न वाजवतो.

आमच्या इमारतीत एक ड्रायव्हरकाका येतात. शेठची मर्सिडीज, शेठच्या मुलाची बीएमडब्ल्यू आणि बाईसाहेबांची साधी ऑटोमॅटिक, तिन्ही तेच चालवतात. त्यांना एकदा विचारलं, "काका, तुम्हाला कोणता गिअर आवडतो?" ते हसले. म्हणाले, "दादा, आवडीचं कोण विचारतंय? मी आपलं गाडीत बसलो की आधी दोन मिनिटं गप बसतो. आज कोणती गाडी आहे ते हाताला सांगतो, मग स्टार्टर मारतो." थोडं थांबून म्हणाले, "पण खरं सांगू? बाईसाहेबांच्या गाडीत रात्री झोप आली असली तरी हात चुकत नाही."

मला या वादाचं उत्तर काकांच्या त्या वाक्यात दिसतं. शोरूममध्ये गाडी पसंत करतो मालक, तीही दिवसाउजेडी, ताजातवाना असताना, सेल्समन शेजारी बसून समजावत असताना. चालवतो बऱ्याचदा दुसराच, रात्री अकराला, हॉटेलच्या तळघरात, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या असताना. व्हॅलेवाल्या पोराला तर एका संध्याकाळी असे दहा प्रकार हाताळावे लागतात, आणि त्याला पुस्तिका वाचायला कुणी वेळ देत नाही. त्या पोराला न बघता, न विचारता जो गिअर टाकता येतो तो चांगला. बाकी सगळं सजावट.

बटणंसुद्धा या कसोटीला उतरू शकतात बरं का. होंडाच्या महागड्या अ‍ॅक्युरा गाड्यांत रिव्हर्सचं बटण दाबायचं नसून मागे ओढायचं असतं, म्हणजे बोटालाच कळतं की हे वेगळं आहे. उलट लिंकनच्या एमकेसी गाडीत पी-आर-एन-डीच्या बटणांच्या रांगेतच, सगळ्यात खाली, इंजिन बंद करायचं बटण होतं. चालत्या गाडीत लोकांचं बोट त्याच्यावर पडू लागलं, तेव्हा २०१४ मध्ये सुमारे साडेतेरा हजार गाड्या बोलावून ते बटण वर हलवावं लागलं. आणि टेस्लाने २०२१ च्या मॉडेल एसमध्ये दांडीच काढली. आता पडद्यावर बोट वर सरकवलं की पुढे, खाली सरकवलं की मागे. काचेवर बोटाला काय कळणार, देव जाणे. ज्या मॉडेल एसमध्ये २०१२ साली मर्सिडीजचीच दांडी घेतली होती, तिचीच अखेर दांडी गुल.

असो. कुणी ओळखीचं भारी गाडी घ्यायला निघालं आणि सल्ला विचारला, तर मी एकच सांगतो. जो चालवणार आहे त्याला सोबत न्या. रस्त्यावर पळवून बघू नका, सगळ्याच गाड्या छान पळतात. एखाद्या अरुंद गल्लीत न्या आणि त्याला म्हणावं, खाली न बघता तीनदा पुढेमागे करून गाडी वळव. मग पी टाक आणि गाडी कशात आहे ते अक्षर न वाचता सांग. त्याला सांगता आलं तर घ्या. नाही आलं तर सीटचं चामडं कितीही मऊ असो, पुढच्या शोरूममध्ये जा.