प्रथिनांचा टक्का आणि माझी त्रेधा

मी दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. घरी कपाशी, तूर, हरभरा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला आले, ती ज्वारीवर किंवा तुरीवर काम करायला मिळेल या हिशेबाने. वाट्याला आला धान, आणि त्यातही तांदळातली प्रथिनं. आईने फोनवर विचारलं, "काय वं बाई, आपल्या इकडं कुठी पिकते धान?" तिचा प्रश्न रास्त होता. विद्यापीठाचं धानावरचं काम चालतं ते पार चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीला. माझ्या टेबलावर आली ती नुसती नंबर घातलेली पाकिटं.

डोक्यात मेंडेलचे वाटाणे होते: उंच, बुटके, तीनास एक. इथे तसलं काहीच दिसेना. सरांनी समजावलं, "भात मोकळा होणार की चिकट, हे बरंचसं सहाव्या गुणसूत्रावरचं वॅक्सी हे एकच जनुक ठरवतं. प्रथिनांचं तसं नाही. जनुकं पुष्कळ, प्रत्येकाचा हात थोडा. त्यात युरिया, पाणी आणि ऊनही आपापलं म्हणणं मांडतात." म्हणजे एकच वाण दोन बांध्यांत दोन आकडे देणार. मग जनुकाचं श्रेय किती आणि खताचं किती?

पुढे केल्डालची पद्धत. तांदळाचं पीठ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचं. आधी ते डांबरासारखं काळं होतं, मग तासन्‌तास तापून हळूहळू निवळतं. त्यातला नायट्रोजन अमोनिया करून बोरिक आम्लात धरला की गुलाबी द्रावण हिरवं होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडून ते परत गुलाबी करायचं. निघालेल्या नायट्रोजनला 5.95 ने गुणायचं. प्रथिन प्रत्यक्ष कुठे दिसतच नाही, दिसतो तो गुणाकार.

एका पाकिटाचा आकडा नऊच्या वर गेला तेव्हा मी हरखले. सीनियर ताईने दाणे तळहातावर घेतले. बारीक, पोचट. "हजार दाण्यांचं वजन बघ," ती म्हणाली. तिथे डोक्यात प्रकाश पडला. 20 मिलिग्रॅमच्या दाण्यात 1.4 मिलिग्रॅम प्रथिन असेल तर ते 7 टक्के. दाणा नीट भरलाच नाही, 15 मिलिग्रॅमवर थांबला आणि प्रथिन तेवढंच राहिलं, तर टक्का होतो 9.3. प्रथिन कणभरही वाढलं नाही, घटला तो स्टार्च.

हा पेच जुनाच. 1973 मध्ये इथिओपियातल्या ज्वारीत जास्त लायसिन, म्हणजे प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल, देणारं जनुक सापडलं, पण दाणा आत दबलेला होता. शेतकरी बाजारात नेतो ते वजन, टक्का नव्हे. म्हणूनच कटकच्या राष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेच्या 'सीआर धान 310' चं मोल मला कळलं. आसामातून गोळा केलेल्या 'एआरसी 10075' मधला गुण त्यांनी बॅकक्रॉस करत 'नवीन' या चालत्या वाणात आणला. 2016 मध्ये वाण आला तेव्हा पॉलिश केलेल्या दाण्यात प्रथिनं होती 10.3 टक्के, एरवी ती सात-आठच्या आसपास असतात. 'पॉलिश केलेल्या' हे इथे महत्त्वाचं, कारण बाहेरच्या थरांतलं बरंचसं प्रथिन गिरणीत कोंड्याबरोबर निघून जातं.

त्यात ग्राहकाची जीभ वेगळीच. नागभीडकडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी लोकांनी उचलला तो बारीक दाणा आणि चव बघून. प्रथिनं विचारून तांदूळ घेणारं गिऱ्हाईक मला तरी अजून भेटलेलं नाही.

आता माझ्या तक्त्यात टक्क्याशेजारी आणखी तीन रकाने आहेत: हजार दाण्यांचं वजन, हेक्टरी उतारा आणि पॉलिशनंतरचा टक्का. बहुतेक पाकिटं कुठल्या ना कुठल्या रकान्यात गळाली. ज्या थोड्या ओळी चारही ठिकाणी तरल्या, त्या येत्या खरिपात पुन्हा लावायच्या आहेत. एका हंगामाच्या आकड्यावर जनुकाचं नाव घ्यायचं नसतं, एवढं आता पक्कं कळलंय.