आवाजी बेटावरून आलेफगार्डला

मुलांनो, आज नकाशाचं पुस्तक घेऊन बसा बरं. जपानचं पान उघडा. होन्शू हे सर्वांत मोठं बेट आणि त्याच्या खाली शिकोकू. या दोघांच्या मधोमध, कोबे शहरासमोर, एक लांबट बेट दिसेल. त्याचं नाव आवाजी. नावात आवाज असला तरी बेट तसं शांतच आहे! कांद्याची शेतं, मासेमारीची गावं आणि बाहुल्यांच्या नाटकाची जुनी परंपरा. एकेक बाहुली एवढी मोठी, की ती नाचवायला तीन माणसं लागतात. बेटाच्या दक्षिण टोकाला नारुतोची सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे समुद्रात प्रचंड भोवरे फिरू लागतात आणि लोक बोटीतून ते पाहायला जातात.

जपानी पुराणकथा सांगतात, की देवांनी जपानची बेटं घडवायला घेतली तेव्हा पहिलं बेट घडलं ते आवाजी. म्हणजे पहिलेपणाचा मान या बेटाकडे आधीपासून आहे. याच बेटावरून आज आपण एका ‘पहिल्या’ प्रश्नाचं उत्तर शोधायला निघणार आहोत. जुन्या पद्धतीचा रोल-प्लेइंग गेम खेळायचा झाला, तर पहिला कोणता निवडावा?

रोल-प्लेइंग म्हणजे काय, असं दचकून विचारू नका. भातुकलीत तुम्ही आई होता, चोर-पोलिसात पोलीस होता, तसंच हे. सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाला शोभेल असं वागायचं. या खेळांत तुम्ही एखादा वीर होता, गावोगाव फिरता, लोकांशी बोलता, राक्षसांशी लढता आणि हळूहळू बलवान होता. बोटांच्या चपळाईपेक्षा इथे डोक्याला आणि चिकाटीला जास्त काम असतं. तुमची पाळी, मग राक्षसाची पाळी. सारं कसं सावकाश.

तर आवाजी बेटावर सुमोतो नावाचं गाव आहे. तिथे १९५४ साली युजी होरी यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकथा काढणारा व्हायचं होतं. पुढे ते टोकियोच्या वासेदा विद्यापीठात शिकले, लेखन करू लागले आणि संगणकाच्या खेळांकडे वळले. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे अमेरिकेतले रोल-प्लेइंग गेम त्यांना फार आवडले. पण ते होते संगणकावरचे, किचकट आणि इंग्रजीतले. जपानी मुलांच्या घरी होता तो टीव्हीला जोडायचा ‘फॅमिकॉम’. (आई-बाबांना विचारा. त्यांच्या लहानपणी आपल्याकडे पिवळ्या कॅसेटचे जे व्हिडिओ गेम मिळत, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या.) ज्याने असा खेळ कधीच पाहिलेला नाही, त्यालाही तो खेळता यावा, असा खेळ होरींनी रचला. चित्रं अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं. २७ मे १९८६ रोजी हा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ जपानात आला. १९८९ मध्ये तो अमेरिकेत ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने गेला.

या खेळातल्या देशाचं नाव आलेफगार्ड. चला, तिथली सैर करून येऊ.

आपण उभे आहोत राजाच्या दालनात. आलेफगार्डवर ड्रॅगनराजाचं संकट आलं आहे आणि ते दूर करायची कामगिरी आपल्यावर सोपवली आहे. निघावं म्हटलं, तर दाराला कुलूप! दालनात तीन पेट्या आहेत. त्यांत थोडे पैसे, एक मशाल आणि एक किल्ली. पहारेकऱ्यांशी बोलायचं, पेट्या उघडायच्या, किल्लीने दार उघडायचं, मग जिना उतरायचा. एवढं केलं की तुम्ही बाहेर! गंमत कळली का? या खेळात जे जे करावं लागतं, त्यातलं बरंचसं या एका खोलीत शिकून झालं. कुठे मार खायची भीती नाही, घड्याळाची घाई नाही. मी शिक्षक आहे, म्हणून मला ही खोली अगदी बिगरीच्या वर्गासारखी वाटते. फळ्यावर चार अक्षरं गिरवायची आणि मगच पाटी हातात घ्यायची.

राजवाड्याबाहेर आलात की शेजारी छोटं गाव आहे. तिथे काठी, कपडे असं काहीबाही विकत घ्यायचं. पण त्याआधी जरा पाण्यापलीकडे पाहा. तो काळा किल्ला दिसतो का? तोच ड्रॅगनराजाचा! ज्याला शोधायला निघालो, त्याचं घर पहिल्याच पावलावर समोर! मध्ये आहे फक्त पाण्याचा एक पट्टा. पण होडी नाही, पूल नाही. तिथे पोचायला साऱ्या देशाला वळसा घालावा लागतो. म्हणून या खेळात ‘आता कुठे जायचं आहे?’ असा प्रश्न पडत नाही. ‘कसं जायचं?’ एवढाच पडतो.

सुरुवातीला भेटतात ते निळे, हसरे, थेंबासारखे स्लाइम. फार दुबळे. त्यांच्यावर हात साफ करून घ्या. वायव्येला एक अंधारी गुहा आहे. मशाल पेटवल्याशिवाय आत काही दिसत नाही. पण तिथे एकही राक्षस नाही! अंधारात वाट कशी काढायची, एवढंच शिकवायला जणू ती ठेवली आहे.

मग येतात पूल. पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस अधिक ताकदवान, असा या देशाचा साधारण नियम. पाटी कुठेच लावलेली नाही; दोन तडाखे बसले की आपोआप समजतं. मग मुकाट्याने अलीकडे यायचं, तयारी करायची आणि पुन्हा जायचं.

आणि हरलात तर? तर तुम्ही पुन्हा राजासमोर उभे राहता. तुमचे निम्मे पैसे जातात. पण मिळवलेला अनुभव एका गुणानेही कमी होत नाही. सापशिडीत साप गिळतो, तेव्हा सारी चढण वाया जाते. इथे तसं नाही. पैसे जातात, शिकलेलं राहतं. पहिला खेळ निवडताना मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. वर्गात मी नेहमी पाहतो. पहिलंच गणित फार अवघड पडलं, की काही मुलं पाटी बाजूला सारतात आणि म्हणतात, ‘मला गणित येत नाही.’ खरं तर गणित येत नसतं असं नाही. पहिलं गणित चुकीचं निवडलेलं असतं. खेळाचंही तसंच. चाळीस-पन्नास तासांचा अवाढव्य खेळ पहिल्यांदा हाती आला, तर मूल कंटाळतं आणि हा प्रकारच आपला नव्हे, असं ठरवून मोकळं होतं.

ड्रॅगन क्वेस्ट दहा-बारा तासांत संपू शकतो. वीर एकच आणि मूळ खेळात समोर राक्षसही एका वेळी एकच. सारा खेळ ६४ किलोबाइटमध्ये मावला होता. मोबाईलवरचा एक फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो! जागा वाचवण्यासाठी जपानीतल्या कटाकाना लिपीची मोजकीच अक्षरं त्यात घेतली होती. खेळाची नोंदही साठवता येत नसे. राजा वीस अक्षरांचा एक ‘मंत्र’ सांगे, मुलं तो वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरत. एक अक्षर चुकलं की मंत्र फुकट! शुद्धलेखनाचं महत्त्व पटवायला याहून चांगला उपाय कोणता?

दुसरे खेळ वाईट आहेत का? मुळीच नाही. १९८७ चा ‘फायनल फँटसी’ घ्या. त्यात सुरुवातीलाच सहा प्रकारच्या वीरांतून चार निवडावे लागतात. पण कोण काय कामाचा, हे नवख्याला कसं कळणार? १९९६ मध्ये जपानात आलेला पहिला ‘पोकेमॉन’ नवशिक्याला चालण्यासारखा आहे. त्यातला कांतो प्रदेश टोकियोच्या भोवतालच्या खऱ्या कांतोवरून घेतला आहे आणि गोळा करायला १५१ प्राणी आहेत. काडेपेट्यांचे छाप किंवा तिकिटं जमवण्याचा नाद असेल, त्याने तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही. १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ फारच देखणा आहे. होरी आणि तोरियामा त्यातही आहेत. तो दुसरा किंवा तिसरा खेळ म्हणून राखून ठेवा, गोडी वाढेल.

आता थोडं आई-बाबांशी. ड्रॅगन क्वेस्ट २०१४ मध्ये इंग्रजीतून मोबाईलवर आला, २०१९ मध्ये स्विचवर आला आणि २०२५ मध्ये नव्या चित्रांसह पुन्हा निघाला. पहिल्यांदा खेळताना मोबाईलचं साधं रूप पुरे. त्यातली इंग्रजी जुन्या वळणाची आहे, तेव्हा पहिले दोन दिवस शेजारी बसा आणि वाक्यं मिळून वाचा. रोज अर्धा तास ठरवा. मात्र वेळ संपली म्हणून एकदम हिसकावून घेऊ नका. जुन्या खेळांत ठरावीक ठिकाणी जाऊनच नोंद करता येते. दहा मिनिटं आधी आठवण करा, म्हणजे रडारड होणार नाही.

शेवटी परत आवाजीकडे. या बेटावरून कोबेच्या बाजूला जायला फार वर्षं बोटच होती. ५ एप्रिल १९९८ रोजी आकाशी काइक्यो हा ३,९११ मीटर लांबीचा झुलता पूल खुला झाला. तो बांधत असताना १७ जानेवारी १९९५ ला तिथे मोठा भूकंप झाला. दोन्ही मनोरे टिकले, पण त्यांच्यातलं अंतर साधारण मीटरभर वाढलं! अभियंत्यांनी मोजमापं बदलली आणि काम पुढे चालू ठेवलं. आलेफगार्डमध्येही ड्रॅगनराजाच्या किल्ल्याकडे जाणारा एक पूल शेवटी उभा राहतो, इंद्रधनुष्याचा. मात्र सारा देश पालथा घातल्यावरच. आज आवाजीवर ‘ड्रॅगन क्वेस्ट आयलंड’ नावाचं उद्यानही आहे. २०२१ मध्ये ते उघडलं. तिथे खऱ्या झाडीतून पायी फिरून हा खेळ खेळतात.

तुम्ही मात्र घरीच निघा. एक चौकटीची वही घ्या. मधोमध राजवाडा काढा आणि जसजसे पुढे जाल तसतसा नकाशा वाढवत न्या. कुठे पूल, कुठे गुहा, कुठे मार बसला, सारं लिहा. दुसऱ्याने काढलेला तयार नकाशा पाहू नका बरं का! आणि हो, सर्वांत शेवटी ड्रॅगनराजा तुम्हाला एक प्रश्न विचारील. उत्तर देण्याआधी अगदी नीट विचार करा. का, ते मी सांगणार नाही!