काळ्या घोड्यापासून खादीभांडारापर्यंत

नांदगावाहून आगगाडीनें मुंबईस गेलेला गृहस्थ वस्तुसंग्रहालय पाहतो तें बहुधा मूर्तींसाठीं व चित्रांसाठीं. गेल्या मार्गशीर्षांत मी मात्र छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जुन्या वस्त्रांपुढें मुद्दाम रेंगाळलों, आणि मग आपला पोशाख पालटविणारीं दुकानें कोठें होतीं तें पायीं हिंडून पाहिलें.

जवळच काळ्या घोड्यापाशीं आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आहे. या विलायती संस्थेनें १८९१ सालीं मुंबईंत दुकान उघडलें. उत्तरेस दादाभाई नौरोजी मार्गावर व्हाइटवे लेडलॉ कंपनीची भव्य वास्तु लागते. ही पेढी रॉबर्ट लेडलॉ यानें १८८२ सालीं कलकत्त्यास काढली. तेथें उधारीस थारा नसे. म्हणून लोक विनोदानें तिला ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणत.

या दुकानांची करामत मालापेक्षां रीतींत होती. आपल्याकडे गिऱ्हाईक बैठकीवर टेके, दुकानदार ठाण उलगडी, मग घासाघीस चाले. येथें ठरलेली किंमत, काचेआड मांडलेला तयार माल, आणि दूरच्यांसाठीं सचित्र सूचीपत्र! पॅरिसच्या बाँ मार्शे दुकानांत आरिस्तीद बूसिको यानें १८५२ नंतर हीच पद्धत रुजविली होती. न घेतां नुसतें पाहण्याची मुभा मिळाली, कीं मनुष्य गरज विसरून हौस शोधूं लागतो.

या मोहास उत्तर म्हणून पुण्यास ७ ऑक्टोबर १९०५ रोजीं व परळास ३१ जुलै १९२१ रोजीं विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. काळाचा न्याय असा, कीं व्हाइटवे लेडलॉच्या त्याच वास्तूंत पुढें कित्येक दशकें खादीचें भांडार चाललें. विलायती कापड गेलें. मांडून विकण्याची रीत मात्र राहिली.

परंतु होळीनें विणकराचें पोट भरत नाहीं, आणि नुसत्या मांडणीनेंही नाहीं. आमच्या नांदगावाहून मनमाडमार्गें येवलें फार दूर नाहीं. तेथें एका पैठणीस कित्येकदां महिनेमहिने लागतात. काचेआड यंत्राची नक्कल आणि हातमागाची पैठणी सारख्याच झळकतात. यास्तव घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे पदर उलटून पाहावा. अस्सल विणीची नक्षी दोन्ही बाजूंनीं सारखी उमटते. मागें लोंबते धागे दिसले, तर झळाळीस भुलूं नये. दुकानानें आपणांस पाहावयास शिकविलें; पारखण्याचें काम गृहिणीनें व गृहस्थानें स्वतःच करावयाचें आहे.