सिमरोल: मनाचा दवाखाना किती लांब?

खंडवा रोडने ओंकारेश्वरला जाताना सिमरोल लागतं. आपल्या घरातल्या मोठ्यांना ते भेरूघाटाआधीचं गाव म्हणून ठाऊक, तर मुलांना आयआयटीचं म्हणून. इथे एकीकडे देशभरातून आलेली, घरापासून दूर राहणारी मुलं आहेत आणि दुसरीकडे सोयाबीन-गहू पिकवणारी कुटुंबं. दोघांच्या काळज्या वेगळ्या. पण झोप उडते, घास उतरत नाही, कशातच मन लागत नाही, तेव्हा दोघांनाही एकच प्रश्न पडतो: सांगायचं कुणाला?

मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय इंदुरात बाणगंगेला आहे. सिमरोलहून तिथे जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, दिवसाची मजुरी बुडवायची आणि परतल्यावर "कुठे गेला होता?" याला उत्तर द्यायचं. या उत्तराच्या धास्तीनेच अनेकजण घराबाहेर पडत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात यावर एक वाट शोधली गेली. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ मध्ये तिथे 'आत्मीयता' हा उपक्रम सुरू केला. गावातलीच विश्वासू माणसं निवडून त्यांना ऐकून घ्यायला आणि समुपदेशन करायला शिकवलं. दारू, बेकारी, घरातली भांडणं यांवरच्या छोट्या फिल्म ते मोबाइलवर दाखवत. कुणाची सरकारी योजना अडली असेल तर तीही मिळवून द्यायला मदत करत, कारण पैशाची चिंता नुसत्या बोलण्याने मिटत नाही. आजार गंभीर वाटला तर मात्र डॉक्टरांकडेच पाठवत.

आपल्या मध्य प्रदेशातही सीहोर जिल्ह्यात गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरचं समुपदेशन शिकवलं आहे. म्हणजे हे काम आपल्याकडेही होऊ शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर रुग्णाला समाजात, आपल्या माणसांत राहण्याचा हक्कच दिला आहे.

याचा अर्थ औषधं किंवा रुग्णालय नको, असा नाही. पण पहिला आधार घराजवळ मिळाला, तर पुढची वाट सोपी होते.

मुलांनो, हॉस्टेलवरचा एखादा मित्र अचानक गप्प झाला, तर त्याच्याजवळ बसा. उपदेश न करता ऐका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. तो त्याला द्या, हवं तर फोन लावताना सोबत थांबा. गरज असेल तर त्याच्याबरोबर डॉक्टरांकडेही जा.