क्योटोतला पावणेपाचचा सूर्यास्त



जपानहून आल्यापासून भेटेल तिचा पहिला प्रश्न एकच, "अगं, पण खाल्लंस काय?" देवळं, बागा, लाल झालेली पानं यांची चौकशी नंतर. तेव्हा क्योटोविषयी लिहिताना जेवण येणारच. पण चार दिवस एकटीनं फिरताना मला त्याहून मोठा प्रश्न पडला होता. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथं आपला नियम कुणासाठी?

इ.स. ७९४ पासून हजाराहून अधिक वर्षं क्योटो ही जपानची राजधानी होती. मनात लाकडी घरांचं चित्र घेऊन मी टोकियोहून बुलेट ट्रेननं सव्वादोन तासांत पोचले, तर समोर काच आणि पोलादाचं अवाढव्य स्टेशन! थोडा विरसच झाला. मात्र स्टेशनातून उत्तरेला थोडं चाललं की हिगाशी होंगान्-जी हे बौद्ध मंदिर लागतं. पायऱ्यांशी बूट काढायचे, पिशवीत घालून आपल्यासोबतच न्यायचे. गार लाकडी जमिनीवर पाय पडले आणि परकेपणा निम्मा कमी झाला. जमिनीवर बसणारी, न बोलता हात जोडणारी माणसं पाहिली की भाषेवाचून काही अडत नाही.

तिथल्या दोन सभागृहांना जोडणाऱ्या वाटेत काचेआड एक जाडजूड काळपट दोर ठेवलाय. तो बायकांच्या केसांचा आहे. १८६४ च्या आगीत मंदिर जळालं. पुन्हा बांधताना प्रचंड ओंडके ओढायला साधे दोर पुरेनात, तुटू लागले. तेव्हा गावोगावच्या भाविक बायकांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोर वळले गेले. मुख्य सभागृह १८९५ मध्ये पूर्ण झालं. मला आपल्या आर्यिका माताजींचा केशलोच आठवला. तिथं शरीराचा मोह सोडण्यासाठी, इथं देऊळ उभं राहावं म्हणून. हेतू वेगळे, पण केसांवर बाईचा जीव किती असतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दोरापाशी मी बराच वेळ उभी होते.

आता जेवण. क्योटोचं टोफू प्रसिद्ध, त्यामुळे घरच्यांना वाटलं होतं सोपं जाईल. अडचण ताटात दिसत नाही, ती रश्शात असते. जपानी स्वयंपाकातल्या बहुतेक रश्शांचा पाया म्हणजे 'दाशी', आणि ती सहसा वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. वाटीत माशाचा तुकडा नसला तरी मासा असतोच. बौद्ध मठांचं 'शोजिन र्योरी' हे जेवण पूर्ण शाकाहारी, परंपरेनं कांदा-लसूणही वर्ज्य. पण त्यात मुळा, कमळकाकडी असे कंद येतात आणि रश्शाला मश्रूमही वापरतात. म्हणजे आपल्यासाठी अर्धंच काम झालं.

जपानी शिकणाऱ्या भाचीकडून मी एक कार्ड लिहून घेतलं होतं. मांस, मासे, अंडी, माशाची दाशी, कांदा, लसूण, कंदमुळं, मश्रूम चालत नाहीत, असं. एका थंड दुपारी लहानशा दुकानात ते दाखवलं. दुकानातल्या आजींनी ते दोन्ही हातांत धरून सावकाश वाचलं, आत जाऊन आल्या आणि हातांची फुली करून कमरेत वाकल्या. रस्सा चालणार नाही! मग त्यांनीच बोटानं थांबायची खूण केली आणि साधं टोफू, मीठ, भात व गरम पाणी आणून ठेवलं. त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर मला कधीच कळलं नसतं. माझा नियम त्यांनी त्यांच्या गिऱ्हाइकाइतकाच जपला.

दुसरी परीक्षा सूर्यास्ताची. नोव्हेंबरअखेर क्योटोत पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. संध्याकाळच्या जेवणाची बरीच दुकानं उघडायच्या आधी माझं जेवण आटोपलेलं हवं. सकाळी खोलीवर छोट्या कुकरमध्ये मुगाची खिचडी करायची, डबा भरायचा आणि चार वाजता कामो नदीच्या काठी बसून खायचा. तिथं घारींपासून सावध राहा असे फलक आहेत, त्या हातातला घास पळवतात! त्यामुळे झाकण अर्धं लावूनच जेवायचं.

त्यानंतरची संध्याकाळ मात्र लांब असते. गिओनच्या गल्ल्यांत कंदील लागतात, दारांतून वाफा येतात, थंडी वाढते. घरी माझा नियम पाळायला पाच माणसं मदत करतात. सासूबाई घड्याळ बघतात, मुलं पाण्याचा तांब्या आणून देतात. इथं कुणी बघणारं नव्हतं, कुणी रागावणारं नव्हतं. पहिल्या रात्री पोटात कालवलं, खोटं कशाला सांगू? खोलीवर येऊन सामायिकाला बसले. कुकरची शिट्टी नाही, फोन नाही, दाराची बेल नाही. इतकं शांत सामायिक मला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. तेव्हा वाटलं, हा नियम आता माझा झाला.

शेवटच्या दिवशी र्योआन्-जीला गेले. तिथल्या खडीच्या बागेत पंधरा दगड आहेत आणि कडेच्या ओसरीवरून एका जागी बसून ते सगळे कधीच दिसत नाहीत, एक तरी लपतोच. मागच्या बाजूला दगडी पाणपात्र आहे. त्याच्या चार बाजूंना चार खुणा कोरल्यात. मधलं चौकोनी तोंड प्रत्येक खुणेला जोडून वाचलं की अर्थ निघतो, 'मी फक्त समाधान जाणतो'. आपण दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्यावर दरवर्षी प्रवचन ऐकतो. इथं तेच, दगडावर, चार अक्षरांत.

जाणार असाल तर जपानीत लिहिलेलं कार्ड, लहान कुकर, मूगडाळ-तांदूळ, खाकरे आणि मेतकूट न्या. बसमध्ये मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे. आणि एक संध्याकाळ तरी एकट्यानं, काहीही न करता काढा.