धडा संपला की मुलगाही संपतो

‘ग्ली’ या अमेरिकी मालिकेचे चाहते २०१५च्या जानेवारीत इतके का दुखावले गेले, हे कळायला चार वर्षं मागे जावं लागतं. नोव्हेंबर २०१०च्या एका भागात डेव्ह कॅरोफ्स्की हा धटिंगण फुटबॉलपटू शाळेच्या लॉकर-रूममध्ये कर्ट हमेलचं जबरदस्तीने चुंबन घेतो, आणि नंतर, वाच्यता केलीस तर जीव घेईन, अशी धमकी देतो. कर्ट उघडपणे समलिंगी आहे. छळणारा मात्र स्वतःपासूनच लपलेला. मुलाने घेतलेलं कर्टचं ते पहिलं चुंबन. भीतीपोटी तो शाळा बदलतो. दुसऱ्या शाळेतला ब्लेन त्याचा आधार होतो, मग प्रियकर. आणि शेवटच्या सीझनमध्ये, कर्टशी ठरलेलं लग्न मोडल्यावर, हाच ब्लेन जोडी जमवतो ती कॅरोफ्स्कीशी. आवडती जोडी फुटली म्हणून चाहते रुसले, असं म्हणून हा राग निकालात काढणं सोपं आहे. पटकथेचा अभ्यासक म्हणून मला मात्र तो अगदी नेमका आक्षेप वाटतो: लेखकांनी आपणच लिहिलेलं पुसून टाकलं होतं.

माझं म्हणणं असं की टीव्हीच्या कथेत समलिंगी किशोर बहुतेक वेळा माणूस म्हणून येत नाही, विषय म्हणून येतो. छळ, कबुली, घरच्यांचा नकार, आत्महत्येचा प्रयत्न हे विषय ठरलेले. एका भागात एक विषय घ्यायचा, त्यातून प्रेक्षकाला धडा द्यायचा, आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. कॅरोफ्स्कीचंच पाहा. २०११मध्ये तो कर्टपुढे रडून माफी मागतो. फेब्रुवारी २०१२मध्ये त्याचं गुपित फुटतं, सहाध्यायी त्याला नको ते बोलतात, तो जीव द्यायला जातो आणि वाचतो. रुग्णालयात कर्ट त्याला भेटतो. तुला आजार आहे आणि तो बरा होईल, असं आई म्हणाल्याचं तो कर्टला सांगतो. हा भाग मन हेलावणारा आहे, त्यात खोट काही नाही. पण असं बोलणाऱ्या आईच्या घरी तो परत गेला तेव्हा काय झालं? वर्गात पुन्हा बसला तेव्हा शेजारी कोण बसलं? मालिका हे विचारतच नाही. मुलगा जवळजवळ तीन वर्षं नाहीसा होतो आणि परततो तो थेट ब्लेनचा प्रियकर म्हणून. हे कळल्यावर कर्ट रडतो खरा, पण जुन्या भीतीचा हिशेब कोणी मांडत नाही. पुढच्या काही भागांतच शाळेतली सू सिल्व्हेस्टर कर्ट आणि ब्लेनला खोट्या लिफ्टमध्ये कोंडते आणि चुंबन घेतल्याशिवाय सुटका नाही, अशी अट घालते. ही जागा विनोदाची म्हणून लिहिली आहे. ज्या मुलाचं पहिलं चुंबन सक्तीचं होतं त्याच्यावर पुन्हा चुंबनाची सक्ती होते, आणि या साम्याची जाणीव असल्याची एकही खूण पटकथेत दिसत नाही.

यावर एक उत्तर येतं: ‘ग्ली’ सगळ्याच पात्रांच्या बाबतीत विसराळू होती. मान्य. पण नायिका रेचलची गोष्ट विस्कटली तर तिच्यासारख्या मुलीची गोष्ट दुसऱ्या दहा मालिकांत होती. कर्टसारख्या मुलाला त्या काळी दुसरं दार फारसं नव्हतं. मालिकेचे एक निर्माते रायन मर्फी स्वतः समलिंगी आहेत, हेही सांगितलं जातं. त्यांच्या अनुभवाचं मोल मोठंच. कर्ट आणि त्याचे वडील बर्ट यांच्यातले प्रसंग त्या अनुभवाशिवाय इतके खरे उतरले नसते. पण अनुभव कथानकाची वीण सांभाळत नाही. ती लेखनाच्या टेबलावरच सांभाळावी लागते. राहिला वाहिनीचा दबाव. तो खोटा नाही. ‘डॉसन्स क्रीक’ मालिकेत जॅकचं समलिंगी असणं १९९९मध्ये उघड झालं आणि त्याला एका मुलाचं मनापासून चुंबन घ्यायला मे २००० उजाडावा लागला. पण तेही घडलं ते तिचे लेखक ग्रेग बर्लान्टी यांनी ‘अडवलंत तर काम सोडेन’ असं बजावल्यामुळे. लेखकाचे हात अगदीच बांधलेले नसतात.

चाहत्यांना फक्त गोडगोड हवं असतं, हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. दुःखाला कोणाची हरकत नाही. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली समलिंगी नायिका सुमित्रा देव शेवटी जीव देते, तरी १९८१च्या त्या नाटकाबद्दल माझी ही तक्रार नाही. कारण सुमित्रा आधी हट्टी आहे, प्रेमात आंधळी आहे, मित्र असलेल्या बापूला वापरून घेणारी आहे. तिचं मरण तिच्याच गोष्टीतून उगवतं. प्रेक्षकाला काही शिकवण्यासाठी तिला मारलेलं नाही.

अ‍ॅलिस ओसमनच्या ‘हार्टस्टॉपर’लाही गोड म्हणून हिणवलं जातं. पण तिथल्या चार्लीला झालेल्या छळाचा माग मालिका तीन सीझन सोडत नाही. त्याचं न खाणं आधी नुसतं कोपऱ्यात दिसतं, मग नावानिशी पुढे येतं, आणि उपचारालाही वेळ दिला जातो. दुसऱ्या सीझनमध्ये बेन माफी मागायला येतो. लपूनछपून चार्लीला जवळ करणारा आणि चारचौघांत झिडकारणारा तो बेन. तू सुधारावंस, पण ते बघायला मी सोबत नसेन, अशा अर्थाचं चार्ली त्याला ऐकवतो आणि माफी नाकारतो. कर्टला हा हक्क कधी मिळाला नाही.

हे स्ट्रीमिंगच्या छोट्या सीझनमध्ये जमतं, दर आठवड्याच्या मालिकेत नाही, असं कोणी म्हणेल. मग १९९४ची ‘माय सो-कॉल्ड लाइफ’ पाहावी. विनी होल्झमन यांनी निर्माण केलेली, जेमतेम १९ भाग चाललेली. तिच्यातला रिकी वास्केझ नाताळच्या भागात मार खाऊन घराबाहेर पडलेला असतो, आणि मैत्रिणीची आई त्याला आपल्या घरी आणते. दुसऱ्या मालिकेत गोष्ट इथे मिटली असती. इथे पुढच्या भागात तो त्या घरात पाहुणा होऊन अवघडतो, आपण ओझं झालो आहोत हे ओळखून निघून जातो, आणि अखेर कॅटिम्स्की सर त्याला आपल्याकडे आश्रय देतात. सण उरकला, धडाही देऊन झाला, तरी हा मुलगा आज रात्री झोपणार कुठे, याची काळजी त्या पटकथेने सोडली नव्हती.